जिनगराच्या घरातली मुळाक्षरे

युरोपात राहणारी किंवा सुट्टीसाठी इकडे येणारी मराठी कुटुंबे मुलांना घेऊन पॅरिसजवळच्या डिस्नेलँडला हमखास जातात. त्या झगमगाटापासून थोड्याच अंतरावर कूव्रे नावाचे एक जुने गाव आहे. तेथील एका साध्या घरात आज संग्रहालय असून घोड्यांची खोगिरे शिवणाऱ्या कारागिराची कामाची खोली तेथे जपून ठेवलेली आहे. ४ जानेवारी १८०९ रोजी याच घरात लुई ब्रेल यांचा जन्म झाला. २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वतीने हा दिवस जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

ब्रेल हे नाव अंधांच्या लिपीशी इतके एकजीव झाले आहे की, ते कोणा एका माणसाचे आडनाव होते, त्या माणसाला आईवडील आणि भावंडे होती, हे सहसा ध्यानात येत नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट आरीच्या जखमेपासून सुरू होते आणि सहा ठिपक्यांपाशी संपते. मधली सात वर्षे, म्हणजे अपघातापासून पॅरिसच्या शाळेत पाऊल ठेवेपर्यंतचा काळ, एखाद्या वाक्यात आटोपला जातो. ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे, अशा आईवडिलांना मात्र त्याच सात वर्षांविषयी अधिक जाणून घ्यावेसे वाटेल. त्या काळात लुईला शाळा नव्हती, तज्ज्ञ नव्हते, सरकारी योजना नव्हती. होते ते घर, आणि जे काही शिक्षण झाले ते त्या घराने घडवून आणले.

लुईचे वडील सिमाँ-रने ब्रेल यांचा व्यवसाय आपल्याकडच्या जिनगरांचा. खोगीर, लगाम, पट्टे असा घोड्यांचा सारा साज ते तयार करीत. गावात त्यांच्या कामाला मान होता. थोडी शेतजमीन होती, द्राक्षांचा मळा होता. आई मोनिक घर आणि शेत दोन्ही सांभाळी. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. थोरल्या भावंडांत आणि त्याच्यात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असल्याने तो साऱ्या घराचा लाडका होता. वडिलांनंतर हा व्यवसाय मुलाने पुढे न्यावा, अशी अपेक्षा त्या काळी कोणत्याही कारागिराच्या घरी असे, तशी येथेही असणार.

लुई तीन वर्षांचा असताना एके दिवशी वडिलांच्या कामाच्या खोलीत शिरला. कातड्याशी खेळता खेळता हातातले टोकदार हत्यार निसटले आणि डोळ्यात गेले. ती आरी होती असे बहुतेक चरित्रकार सांगतात. गावात जे उपचार शक्य होते ते झाले. परंतु जंतुसंसर्ग म्हणजे काय हेच वैद्यकाला ठाऊक नसण्याचा तो काळ होता. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यातही उतरला आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

अपघात वडिलांच्या कामाच्या खोलीत घडला होता आणि हत्यारही त्यांचेच होते. अशा प्रसंगी घरात दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे अपराधाच्या भावनेने मुलाला कुशीत दडवून ठेवणे, त्याला काहीच करू न देणे. दुसरी म्हणजे त्याला नशिबावर सोडून देणे. त्या काळच्या फ्रान्समध्ये गरिबाघरच्या अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीक मागणेच येई. १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत अंध वादकांना विदूषकी वेश चढवून लोकांच्या करमणुकीसाठी बसवण्यात आले होते. ते दृश्य पाहून व्यथित झालेल्या व्हालांतँ आउई या गृहस्थांनी पुढे पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. पण कूव्रेसारख्या खेड्यात १८१४ साली त्या शाळेचा विचार करणेही दूरचे होते. नेपोलियनचा पराभव झाला होता, परकीय सैन्ये फ्रान्समध्ये उतरली होती आणि गावोगावच्या घरांवर सैनिकांची सोय करण्याचा भार पडला होता. त्या धामधुमीत एका अंध मुलाच्या शिक्षणाची काळजी करण्यास घरच्यांखेरीज कोणाला सवड असणार?

ब्रेल कुटुंबाने वर सांगितलेल्या दोन्ही वाटा टाळल्या. वडिलांनी लुईसाठी छोट्या काठ्या करून दिल्या. काठी आपटीत, पावले मोजीत तो घर, अंगण आणि गावातले रस्ते स्वतःच्या पायांनी ओळखू लागला. त्याला घरातली कामे नेमून दिली गेली. ज्या खोलीत त्याचे डोळे गेले, त्याच खोलीत बसून तो साजाला लावायच्या झालरी तयार करू लागला. कातड्याचा पोत, दोऱ्याची जाडी, गाठीचा घट्टपणा यांतून त्याची बोटे तयार होत गेली. पुढे याच बोटांनी जगाला नवी लिपी दिली. तिच्यासाठी लागणारा हाताचा सराव असा घरच्या कामातून झाला होता.

यापुढची गोष्ट या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. सिमाँ-रने यांनी गोल डोक्याचे खिळे घेतले आणि ते अक्षरांच्या आकारात ठोकून मुळाक्षरे तयार केली. खिळ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवीत लुई अक्षरे शिकला. अंध मुलांना कसे शिकवावे याचे कोणतेही प्रशिक्षण या माणसाला मिळालेले नव्हते. त्यांच्याजवळ हातोडी होती, खिळे होते आणि मूल कशाने शिकेल याची रोजच्या सहवासातून आलेली समज होती. ज्या वस्तू त्यांच्या धंद्यात रोज हाताखाली असत, त्यांतूनच त्यांनी पाटी बनवली. आजच्या विशेष शिक्षणाच्या परिभाषेत याला साहित्याचे अनुकूलन म्हणतील. त्या वडिलांच्या लेखी ते फक्त मुलाला अक्षरओळख करून देणे होते.

या कुटुंबाचे दुसरे शहाणपण असे की, मुलाचा भार केवळ आपणच वाहायचा असे त्यांनी मानले नाही. गावात नव्याने आलेले धर्मगुरू झाक पालुई यांनी लुईची हुशारी हेरली आणि ते त्याला शिकवू लागले. झाडे सुवासावरून आणि स्पर्शावरून, पक्षी आवाजावरून ओळखणे, इतिहासातल्या आणि धर्मग्रंथातल्या कथा ऐकणे असे ते शिक्षण होते. त्यांच्याच मध्यस्थीने गावचे शिक्षक आंत्वान बेशेरे यांनी लुईला नेहमीच्या शाळेत बसू दिले. शेजारचा एक मुलगा त्याला हाताला धरून शाळेत नेई. लिहिता-वाचता येत नसतानाही, केवळ ऐकून आणि लक्षात ठेवून, तो वर्गात पुढे राहिला. सर्वसमावेशक शिक्षण हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी एका खेड्यातल्या वडिलांनी, धर्मगुरूने आणि शिक्षकाने मिळून ते करून दाखवले होते.

तथापि या शिक्षणाला मर्यादा होती. पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी मोठा होत होता. पॅरिसमध्ये आउईंनी स्थापलेली शाळा आता राजाश्रयाखाली चालत होती. पालुई यांनी गावच्या जमीनदार सरदारांकडे, मार्क्विस दोर्व्हिलिये यांच्याकडे शब्द टाकला आणि त्यांच्या शिफारशीने लुईला शिष्यवृत्ती मिळण्याची वाट मोकळी झाली. घरच्यांसाठी निर्णय सोपा नव्हता. दहा वर्षांचे अंध लेकरू दूरच्या शहरात, अनोळखी माणसांच्या हाती सोपवायचे होते. अखेर १५ फेब्रुवारी १८१९ रोजी लुईने पॅरिसच्या शाही अंध युवक संस्थेत प्रवेश घेतला. मुलाला सात वर्षे सर्व तऱ्हेने सांभाळणारे घर योग्य वेळी त्याला दूर पाठवण्यासही तयार झाले, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

संस्थेची इमारत जुनी, कोंदट आणि ओलसर होती. शिस्त कडक होती. मुलांची प्रकृती तेथे बिघडत असे. लुईला पुढे ज्या क्षयाने ग्रासले त्याचे मूळ अनेकजण या वास्तूतच पाहतात. पण तेथे संगीत होते, हस्तव्यवसाय होते आणि अंध मुलांसाठी मुद्दाम छापलेली पुस्तके होती. आउई यांच्या पद्धतीत नेहमीचीच रोमन अक्षरे जाड कागदावर उठावदार उमटवलेली असत. प्रत्येक अक्षर मोठे असल्याने पुस्तके अवजड होत, आणि त्यांची संख्या मोजकीच होती. मूल एकेका अक्षराचा आकार चाचपडत वाचे. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरला जाई. आणखी मोठी उणीव ही की, या पद्धतीने मुलांना हाताने सहज लिहिता येत नसे. जे वाचायचे ते दुसऱ्याने छापलेले, आणि जे सांगायचे ते दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. घरी पत्र पाठवायचे तरी मायलेकांच्या मध्ये एक लेखनिक असायचाच.

१८२१ साली शार्ल बार्बिये या माजी तोफखाना अधिकाऱ्याची ठिपक्यांची लेखनपद्धती संस्थेत आली. तिच्यात अक्षरांऐवजी उच्चार नोंदवले जात आणि एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत. बोटाच्या टोकाखाली एवढे मोठे चिन्ह एका स्पर्शात मावत नसे. शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि अंक यांची सोय नव्हती. परंतु रेषेपेक्षा ठिपका बोटाला लवकर कळतो, हे तिच्यावरून मुलांना उमगले. खिळ्यांच्या डोक्यांवरून अक्षरे वाचायला शिकलेल्या लुईला ही गोष्ट पटायला अवघड गेली नसावी.

बारा वर्षांचा हा मुलगा तिच्यात सुधारणा करण्याच्या मागे लागला. दिवसाचा अभ्यास आटोपल्यावर रात्री, आणि सुट्टीत कूव्रेला गेल्यावर घरी, कागद, पाटी आणि टोचणी घेऊन तो बसे. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, त्याची पद्धत सिद्ध झाली होती. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपक्यांची जागा, एकूण सहा. आणि या सहांच्या निरनिराळ्या जुळणीतून संपूर्ण वर्णमाला. एक अक्षर बोटाच्या एका स्पर्शात वाचता येऊ लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साधी पाटी आणि टोचणी यांच्या साहाय्याने अंध व्यक्ती स्वतः लिहू लागली, लिहिलेले पुन्हा वाचू लागली. १८२९ मध्ये या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तीत शब्दांबरोबर संगीताचे लेखनही होते. १८३७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

लुई ब्रेल आता त्याच संस्थेत शिक्षक झाले होते. विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकीत. ते उत्तम ऑर्गनवादक होते आणि पॅरिसच्या चर्चमध्ये वादक म्हणून काम करीत. १८३१ मध्ये वडील वारले. मृत्युशय्येवर असताना सिमाँ-रने यांनी संस्थेचे संचालक पिन्ये यांना निरोप पाठवला आणि आपल्या मुलाला कधी अंतर देऊ नये, अशी विनवणी केली. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता, स्वतःच्या पायावर उभा होता, शिकवीत होता. तरीही वडिलांची शेवटची चिंता तीच होती. ज्यांच्या घरी दिव्यांग अपत्य आहे त्यांना ही चिंता कोणी समजावून सांगायला नको. आपल्यामागे याचे कोण, हा प्रश्न मूल मोठे झाले म्हणून संपत नाही. पिन्ये यांनी तो शब्द पाळला. संस्थेत होते तोवर ते ब्रेल यांच्या पाठीशी राहिले.

आपल्याकडे ब्रेल यांच्या चरित्रातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. सहा ठिपक्यांच्या लिपीमुळे अंध व्यक्ती एकमेकांना लिहू लागल्या, पण घरच्या डोळस माणसांना ती लिपी वाचता येत नव्हती. विद्यार्थ्यांना आपल्या गावी, आईवडिलांना, भावंडांना लिहायचे असेल तर अडचण तशीच होती. १८३९ मध्ये ब्रेल यांनी या अडचणीवर उपाय प्रसिद्ध केला. रोमन अक्षरांचा नेहमीचाच आकार ठिपक्यांच्या जाळीत, ठरावीक क्रमाने टोचून काढण्याची ती पद्धत होती. प्रत्येक अक्षरासाठी दहा ठिपक्यांच्या उंचीची जागा धरली होती. अंध व्यक्तीने ठरलेले अंक लक्षात ठेवून ठिपके टोचायचे, आणि जे उमटेल ते कोणत्याही साक्षर माणसाने डोळ्यांनी वाचायचे. हे काम वेळखाऊ होते. तेव्हा संस्थेचे माजी विद्यार्थी आणि कुशल यंत्रकार फुको यांनी ब्रेल यांच्याबरोबर ते जलद करणारे एक यंत्र तयार केले. ते स्वतःही अंध होते. टंकलेखन यंत्राचा तो एक पूर्वज मानला जातो. या यंत्रावर ब्रेल यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र आजही जतन केलेले आहे.

या पत्राला मोठा अर्थ आहे. वडिलांनी खिळे ठोकून डोळसांची अक्षरे मुलाच्या बोटांपर्यंत आणली होती. मुलाने ठिपके टोचून आपले शब्द आईच्या डोळ्यांपर्यंत पोहोचवले. स्वतःसाठी लिपी मिळाल्यावर ब्रेल थांबले असते तरी इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते. पण घरापासून तोडणारे शिक्षण त्यांना अपुरे वाटले, आणि हातात असलेल्या थोड्या वर्षांतला बराच वेळ त्यांनी या दुव्यावर खर्च केला.

हातात वर्षे खरोखरच थोडी होती. विशीच्या उत्तरार्धातच क्षयाची लक्षणे दिसू लागली होती. त्यातच १८४० मध्ये पिन्ये यांना संस्थेतून दूर करण्यात आले आणि द्युफो हे नवे संचालक झाले. अंधांची लिपी डोळसांच्या लिपीहून वेगळी असणे म्हणजे त्यांना समाजापासून तोडणे होय, असे त्यांचे मत होते. त्यांनी ब्रेल लिपीला संस्थेत मज्जाव केला. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरीत राहिले. एकदा स्वतः लिहिण्याची गोडी लागल्यावर ती सुटण्यासारखी नव्हती. द्युफो यांचे सहायक ग्वादे यांना या लिपीचे मोल पटले आणि त्यांनी आपल्या वरिष्ठांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी सर्वांसमोर या लिपीचे प्रात्यक्षिक झाले आणि तिच्या जनकाचा गौरव झाला.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीसावा वाढदिवस उलटून दोनच दिवस झाले असता, लुई ब्रेल यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांना कूव्रेला आणून गावच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या सान्निध्यात विसावा देण्यात आला. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला पसंती दिली आणि ती देशोदेशी पसरली. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये राष्ट्रपुरुषांच्या पंक्तीत नेण्यात आले. हात मात्र गावानेच ठेवून घेतले. ते कूव्रेच्या दफनभूमीत एका कलशात आहेत.

आपल्या भाषेपर्यंत ही लिपी आली ती अनेक वळणे घेत. एकेकाळी भारतात निरनिराळ्या भागांत अंधांसाठी निरनिराळ्या ठिपकेलिप्या वापरल्या जात. मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंध विद्यालय १९०२ मध्ये सुरू झाले. पुढे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल निश्चित झाली. आज एखादे मराठी मूल ‘क’ वाचते तेव्हा त्याच्या बोटाखाली पहिला आणि तिसरा ठिपका असतो. फ्रेंच मुलाला तीच जुळणी ‘K’ म्हणून भेटते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे, त्यांच्या हाताशी आज कायद्याचे बळ आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी मुलाची वैयक्तिक शिक्षणयोजना ठरवणाऱ्या बैठकीत आईवडिलांना हक्काचे स्थान दिले. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा निर्णयांत पालकांच्या आणि मुलांच्या मताची दखल घेणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. भारतातही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकतो. तरीही त्या बैठकीच्या मेजावर बसल्यावर आपल्यातले अनेक उच्चशिक्षित आईवडील गप्प राहतात. समोरचे तज्ज्ञ, भाषा त्यांची, आपल्याला त्यातले काय कळते, असा संकोच असतो. कधी गावाकडच्या नातेवाइकांपासूनही मुलाची अवस्था लपवली जाते आणि आजी-आजोबा, काका-मावशी यांचा जो आधार मिळू शकला असता तो आपणच दूर ठेवतो.

सिमाँ-रने ब्रेल यांना तज्ज्ञांची भाषा येत नव्हती. आपल्या लेकराची बोटे काय करू शकतात हे मात्र त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते, आणि त्या माहितीवर त्यांनी सात वर्षे काम केले. धर्मगुरू, शिक्षक, शेजारचा मुलगा, गावचा सरदार, पॅरिसची संस्था हे सारे एकेक करून त्यात येऊन मिळाले. शाळेच्या बैठकीत आईवडिलांनी घेऊन जायची गोष्ट हीच आहे: मूल घरी काय करते, कशाने शिकते, कशाने बिथरते, कोणती गोष्ट त्याला हातात धरावीशी वाटते. ही माहिती दुसऱ्या कोणत्याही अहवालात नसते.

पुढच्या वेळी डिस्नेलँडला जाणे झाले तर परतीच्या वाटेवर एखादा तास कूव्रेसाठी राखून ठेवावा. मुलांना त्या घरातली जिनगराची खोली दाखवावी, कातडे आणि खिळे दाखवावेत, आणि तेथेच उभे राहून त्यांना सांगावे की, आज जगभरची अंध मुले ज्या लिपीत वाचतात ती शोधणारा मुलगा आपली पहिली अक्षरे याच घरात, वडिलांनी ठोकलेल्या खिळ्यांवर शिकला होता.